बावन्न मिनिटांची शांतता

सायकलवाल्यांसाठीची नवी खडीवाट कुर्वोल गावावरून गेली तर आपल्या पदरात काय पडेल, याचा हिशेब आन्सेल्मनं सप्टेंबरातच मांडून ठेवला होता. सगळ्यात वर होती नादेज. नादेज म्हणजे त्याची एकुलती एक मुलगी. गावातलं एकमेव कॅफे ती चालवायची आणि ते चालत नव्हतं. दिजाँमधल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिला नोकरी मिळत होती, आणि येते की नाही हे तिला सर्व संतांच्या सणाच्या आत, म्हणजे ऑक्टोबर संपेपर्यंत कळवायचं होतं. वाट आली तर सायकलवाले येतील, सायकलवाले आले तर जेवतील, जेवले तर नादेज राहील. शिवाय वाट कुर्वोलवरून गेली म्हणजे ती शेजारच्या ऊशीवरून जाणार नाही. पण हा फायदा कुर्वोलमध्ये कुणी वेगळा धरत नसे, तो प्रत्येक गोष्टीत धरलेलाच असे. आणखी एक फायदा होता, तो आन्सेल्मनं स्वतःलाही नीट सांगितला नव्हता. छत्तीस वर्षं त्यानं या रानातून सायकलवर पत्रं वाटली होती, आणि निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी पहिल्यांदाच कुणीतरी त्याला रस्ता विचारायला आलं होतं.

विचारायला आली होती देल्फिन. जिल्ह्याच्या पर्यटन कचेरीतली, तिशीची बाई. रुंद टायरांच्या सायकलवरून आली होती आणि गुडघ्यापर्यंत चिखलानं माखूनही प्रसन्न होती. तिला साठ किलोमीटरचं एक वर्तुळ हवं होतं. डांबर नको, वर्दळ नको. फक्त खडी, रान आणि तलाव.

"मस्यू आन्सेल्म, साठ किलोमीटरमध्ये एकही गाडी दिसता कामा नये," ती म्हणाली.

"ट्रॅक्टर?"

"एखादा चालेल."

"एकच आहे. बाप्तिस्तँचा. आणि तो बंद असतो."

देल्फिननं हे वहीत लिहून घेतलं. ऊशीच्या लोकांकडूनही ती एक वाट मागवणार होती. दोन्हींतली चांगली ती ठेवायची, असं ठरलं होतं. जाताना तिनं आन्सेल्मच्या सायकलच्या दांडीवर काडेपेटीएवढं एक यंत्र बसवून दिलं. "तुम्ही फक्त तुम्हाला आवडेल त्या वाटेनं फिरून या. बाकीचं हे बघेल."

आन्सेल्मनं मान डोलावली. पोस्टाच्या सायकलीलाही असला एक डबा असायचा. चाक फिरलं की त्यातला आकडा फिरायचा, महिनाअखेरीस साहेब किलोमीटर वाचायचे. हाही तसलाच, फक्त काळा, असं त्यानं धरलं आणि विषय संपवला.

फिरायला त्यानं गुरुवार निवडला. त्याआधी तीन दिवस पाऊस पडून गेला होता आणि दोन दिवस कोवळं ऊन होतं. ऑक्टोबरच्या मध्यात असा गुरुवार उजाडला की कुर्वोलमधला कुठलाही जाणता माणूस सकाळपासून अस्वस्थ असतो, कारण अशाच दिवशी बीच नावाच्या झाडांखाली जाड देठाची, तपकिरी टोपीची अळंबी वर येते.

या अळंबीबद्दल कुर्वोलची एक रीत आहे. इथे लोक एकमेकांना आपली ऑपरेशनं सांगतात, घटस्फोट सांगतात, डॉक्टरनं पोटात काय पाहिलं तेही सांगतात. अळंबी कुठे मिळते ते मात्र कुणी कुणाला सांगत नाही. आन्सेल्मला त्याची जागा आईनं दिली होती, तीही शेवटच्या आजारात, खोलीतून नर्सला बाहेर काढून आणि धाकट्या भावाला औषध आणायला पिटाळून. त्याच्या बायकोला, सोलांजला, संसाराच्या पंचेचाळीस वर्षांत एवढंच माहीत होतं की जागा 'वरच्या अंगाला' आहे. कुर्वोलमध्ये वर नसलेलं अंग फारसं नाही.

आणि अशा जागी कुणी सरळ जात नाही. आधी भलत्याच दिशेनं निघायचं, कुणी मागं आहे का ते बघत तलावाला वळसा घालायचा, गरज नसलेल्या पुलावरून जायचं आणि परत यायचं, मग रानात उलट्या बाजूनं शिरायचं. आन्सेल्मनं त्या गुरुवारी हे सगळं केलं. ठरवून केलं असंही नाही; पायच तसे वळले. शामेल तलावाला त्यानं दोन फेऱ्या घातल्या, धरणाच्या भिंतीवर उभा राहून मागचा रस्ता न्याहाळला, आणि मग ननांचं रान म्हणतात त्या बीचच्या झाडीत शिरला. चार किलो निघाली, प्रत्येक देठाला फक्त तिथेच असते ती तांबूस रेती लागलेली. पिशवीवर रेनकोट पसरून तो तिसऱ्याच वाटेनं घरी आला आणि यंत्र देल्फिनच्या हवाली केलं.

शनिवारी सकाळी दहाला नगरपालिकेच्या दालनात सभा भरली. सत्तर माणसं होती. मेयरबाई मधल्या खुर्चीत, नादेज दाराशी, सोलांज तिसऱ्या रांगेत, आणि तिच्या मागं बाप्तिस्तँ. निवृत्त वनरक्षक, आन्सेल्मचा बालमित्र, आणि त्यामुळे त्याच्यावर सगळ्यात बारीक नजर ठेवणारा. देल्फिननं दिवा मालवला. पडद्यावर रान उमटलं, तलाव उमटले, आणि त्यांच्यातून लाल रेघ निघाली.

रेघ तलावाभोवती फिरली. पुन्हा फिरली. पुलावर गेली आणि परत आली.

"वाट जरा गुंतागुंतीची आहे," देल्फिन म्हणाली, "पण बघा, रस्ता एकही ओलांडत नाही. आणि ही वर्तुळं म्हणजे मस्यू आन्सेल्म जिथे थांबले त्या जागा. जेवढा वेळ जास्त, तेवढं वर्तुळ मोठं."

पडद्यावर छोटी वर्तुळं पाच-सहा होती. ननांच्या रानात, वरच्या अंगाला, एक ताटाएवढं होतं.

"इथे बावन्न मिनिटं," देल्फिन म्हणाली.

सत्तर माणसं पुढं झुकली, आणि मागच्या रांगेतल्या काहींनी चष्मे घातले. आन्सेल्मला तो डबा आठवला, पोस्टातले साहेब आठवले, आणि आई आठवली.

"काय आहे तिथे?" देल्फिननं मनापासून विचारलं.

"दम लागला होता," आन्सेल्म म्हणाला.

"सपाटीवर?" बाप्तिस्तँनं मागून विचारलं.

"सपाटीवरच लागतो या वयात. चढावर माणूस लक्ष देतो."

"उत्तम," देल्फिन लिहू लागली. "म्हणजे इथे बाक हवा. दोन बाक आणि एक टेबल. मुख्य वाटेपासून बाणाची पाटी लावू, म्हणजे कुणाची चुकामूक व्हायला नको."

आन्सेल्मच्या डोळ्यांसमोर बाण उभा राहिला. "बाक नको," तो घाईनं म्हणाला. "तिथे साप आहेत."

"विषारी?"

"भरपूर."

देल्फिनचं पेन थांबलं. तिनं मेयरबाईंकडे पाहिलं. "मग ही वाट मला घेता येणार नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे. ऊशीच्या वाटेवर साप नाहीत, त्यांनी तसं लिहून दिलंय."

दाराशी उभ्या असलेल्या नादेजनं अ‍ॅप्रनच्या बंदाची गाठ सोडली आणि परत बांधली. आन्सेल्मनं ते पाहिलं. एका बाजूला आई होती, दुसऱ्या बाजूला मुलगी, आणि समोर सत्तर माणसं.

"साप नाहीत," तो म्हणाला.

"आत्ता तर म्हणालात आहेत."

"होते. मी पत्रं वाटायचो तेव्हा."

"मस्यू आन्सेल्म," देल्फिन समजुतीच्या सुरात म्हणाली, "बावन्न मिनिटं माणूस उगीच थांबत नाही. तुम्ही तिथे काय करत होतात, एवढंच सांगा."

पायांकडे बघत आन्सेल्म म्हणाला, "तिथे शांत वाटतं."

हे तो इतक्या पडेल आवाजात म्हणाला की देल्फिनचा चेहरा बदलला. "अहो, हेच," ती हळूच म्हणाली. "शहरातली माणसं एवढ्या लांबून नेमकं ह्याच्यासाठी येतात." आणि तिनं पडद्यावर त्या ताटाएवढ्या वर्तुळाखाली लिहिलं: शांततेची जागा.

"मेयरबाई," बाप्तिस्तँ गंभीरपणे उठून म्हणाला, "मलाही बऱ्याच दिवसांपासून शांतता हवीय. उद्या सकाळी गेलं तर चालेल का?"

"बस खाली," मेयरबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मात्र पडद्यावरच होते.

देल्फिननं नियम सांगितला. कचेरीला नुसती रेघ पुरत नाही. गावातल्या निदान दहा जणांनी ती वाट फिरून यायची, म्हणजे गावाला तिच्यात रस आहे हे सिद्ध होतं. ऊशीमध्ये चारच नावं मिळाली होती. "कुणी तयार आहे का?"

एकतीस हात वर झाले. त्यांतल्या निम्म्या लोकांनी लग्नानंतर सायकलला हात लावला नव्हता. देल्फिनला भरून आलं. नादेज पहिल्यांदाच किंचित हसली, आणि ते हसणं पाहून आन्सेल्मनं वर केलेला हात खाली घेतला नाही.

सोलांज बोलली ती घरी गेल्यावर. "पंचेचाळीस वर्षं," ती बटाटे सोलत म्हणाली. "मी विचारलं की तू म्हणायचास वरच्या अंगाला."

"आईला शब्द दिला होता गं."

"तुझ्या आईच्या शेवटच्या आठ महिन्यांत तिचं सगळं मी केलं. तिलाही मी परकीच वाटले असेन, ते सोड. पण मला हे बाप्तिस्तँच्या बरोबर कळावं? तो माझ्या मागं बसला होता, आन्सेल्म. त्याला माझ्याआधी दिसलं असेल, त्याची नजर चांगली आहे."

सोलांजनं अळंबी परतली, वाढली, आणि स्वतः चीज-पाव खाल्ला.

पुढच्या रविवारी सकाळी एकतीस सायकली निघाल्या. कोठारांतून, माळ्यांवरून काढलेल्या, एक तर कोंबड्यांच्या खुराड्यामागून काढलेली. प्रत्येकाच्या खिशात फोन होता आणि देल्फिननं प्रत्येकात रेघ ओढण्याची तीच सोय घालून दिली होती. प्रत्येकाच्या मागच्या कॅरियरवर टोपलीही होती. "डबा आहे," विचारण्याआधीच सगळे सांगत होते.

कुर्वोलची माणसं मात्र एकदा पाहिलेला धडा विसरत नाहीत. आन्सेल्म फसला तो थांबल्यामुळे, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आन्सेल्मची जागा आता गावाची झाली होती. प्रश्न स्वतःच्या जागेचा होता, आणि या वाटेवर कुणाची ना कुणाची जागा येतच होती. तिथे थांबायचं नाही, रेंगाळायचं नाही, तिकडे बघायचंसुद्धा नाही, असं प्रत्येकानं मनाशी ठरवलं होतं.

शांततेच्या जागी सगळे उतरले. बीचची पानं पिवळी पडली होती, खाली तलाव चकाकत होता, आणि एकतीस माणसं हात बांधून उभी होती. कुणीही वाकेना, कारण बाकीचे तीस बघत होते. एकदा मेयरबाई बुटाची नाडी बांधायला वाकल्या, तर सगळं गाव त्यांच्याकडे वळलं. त्या नाडी तशीच सोडून सरळ झाल्या.

"छान शांत आहे," बाप्तिस्तँ म्हणाला.

"आहे ना," आन्सेल्म म्हणाला.

पंचवीस मिनिटांनी सगळे निघाले, टोपल्या रिकाम्या घेऊन.

दुसरी सभा गुरुवारी सकाळी झाली. नादेजच्या मुदतीला दोन दिवस राहिले होते. देल्फिननं पडदा उघडला आणि यावेळी एकतीस रेघा निघाल्या, प्रत्येकीवर नाव. "यावेळी मी वेगही दाखवलाय," ती अभिमानानं म्हणाली. "सावकाश गेलात तिथे लाल, जोरात गेलात तिथे हिरवं. शांततेच्या जागी सगळे लाल आहेत, ते साहजिक आहे. पण एक गोष्ट मला कळत नाही." तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "मेयरबाई, ही बाकी सगळी लाल रेघ तुमची. आणि इथे, तीन झऱ्यांच्या चढावर, दोनशे मीटर तुम्ही ताशी सव्वीसनं गेलात."

मेयरबाई चौसष्ट वर्षांच्या होत्या.

"उतार असेल," त्या म्हणाल्या.

"चढ आहे. आणि मस्यू बाप्तिस्तँ, तुमचा गुडघा दुखतो म्हणून तुम्ही सगळ्यात मागं होतात. मग पडक्या चुनाभट्टीपाशी तुम्ही अकरा जणांना मागं टाकलंत. भट्टी संपली आणि पुन्हा मागं पडलात."

बाप्तिस्तँनं गुडघ्यावर हात ठेवला. जणू तो आत्ता दुखू लागला होता.

मग कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. एकतीस लाल रेघा होत्या आणि एक सोडून प्रत्येकीत कुठेतरी एक हिरवा तुकडा होता, प्रत्येकीचा वेगळ्या ठिकाणी, नावासकट. लोकांनी आधी स्वतःचा शोधला. मग शेजाऱ्याचा. कुणीतरी खिशातून पेन काढलं; चाळीस डोळे त्याच्याकडे वळले, तसं ते परत खिशात गेलं. आन्सेल्म एकटाच निवांत बसला होता. त्याची रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल होती. त्याच्याजवळ लपवायला काही शिल्लक नव्हतं. शेजारी सोलांज होती. सभेत यायचं तिनं नाकारलं होतं, तरी आली होती, आणि पडद्याकडे बघत कधी नव्हे इतक्या समाधानानं बसली होती.

"वाट जरा बदलावी," मेयरबाई म्हणाल्या. "तीन झऱ्यांकडून नको. तिथे फार वारा असतो."

"भट्टीकडूनही नको," बाप्तिस्तँ म्हणाला. "भिंत पडायला आलीय."

"ओढ्याच्या काठानं तर मुळीच नको," मागून एक आवाज आला, आणि मग दोन बहिणी एकदम उठून म्हणाल्या की त्यांच्या कुरणाजवळून गेली तर गाभण गाई बिचकतात. दहा मिनिटांत अशी तीस कारणं पुढं आली आणि वाटेत काही उरलं नाही. देल्फिन लिहीत होती, खोडत होती.

"मग मी ऊशीचीच घेऊ का?" तिनं शेवटी विचारलं.

हा प्रश्न आला आणि गाव थांबलं. आन्सेल्म उठला. त्याला भाषण येत नव्हतं. जे येत होतं ते त्यानं सांगितलं. "जुन्या रेल्वेचा भराव आहे. रूळ कधीच काढून नेलेत, खाली नुसती खडी. तलावाच्या कडेनं जातो, रानातून जातो, गाडी चढूच शकत नाही. धरणापासून सरळ नादेजच्या दारात उतरतो."

"मग हा तुम्ही पहिल्यांदाच का नाही सांगितलात?"

आन्सेल्मनं विचार केला. छत्तीस वर्षं त्यानं त्या भरावाकडे वाट म्हणून पाहिलंच नव्हतं. "तिथे काही उगवत नाही," तो म्हणाला.

"मतदान घेऊ या," मेयरबाई ताबडतोब म्हणाल्या.

सगळे हात वर झाले. कुर्वोलच्या नगरपालिकेत एकमतानं झालेला तो पहिला ठराव, असं कारकुनानं नोंदवलं. शुक्रवारी नादेजनं दिजाँला नकार कळवला.

वाट झाली, चांगली झाली. मेपासून सायकलवाले येऊ लागले. लीलहून, नांतहून, दोनदा तर बेल्जियमहून. साठ किलोमीटरमध्ये त्यांना एक गाडी भेटत नाही, एक ट्रॅक्टर भेटतो आणि तोही बंद. ते म्हणतात, एवढी निर्मळ वाट फ्रान्समध्ये दुसरी नसेल. आणि ते खरं आहे, कारण कुर्वोलच्या एकतीस माणसांना नको असलेली अशी ती एकच जागा होती. नादेजच्या बारा टेबलांवर रविवारी जागा मिळत नाही. एकटीला झेपेना, तेव्हा तिनं बापाला बोलावून घेतलं.

पुढचा ऑक्टोबर आला. तीन दिवस पाऊस, दोन दिवस ऊन, आणि मग एक रविवार. आन्सेल्म सकाळी आठपासून कॅफेच्या स्वयंपाकघरात होता. दहाच्या सुमाराला मागच्या दारानं बाप्तिस्तँ आला आणि त्यानं टेबलावर टोपली ठेवली. नादेजनं वजन केलं, पैसे दिले आणि पुढं निघून गेली.

आन्सेल्मनं पहिली अळंबी उचलली. देठाला तांबूस रेती लागली होती आणि बीचचं एक ओलं पान चिकटलं होतं.

"कुठली रे?" त्यानं विचारलं.

"वरच्या अंगाची," बाप्तिस्तँ म्हणाला.

"तुझी भट्टी?"

"भट्टीवर आता मेयरबाई जातात. तीन झऱ्यांवर त्या बहिणी. माझं अंतर दुपटीनं वाढलंय, गुडघ्याचे हाल आहेत." तो खुर्ची ओढून बसला. "ते जाऊ दे. माझ्या आम्लेटात जास्त घाल. आणि तू का जात नाहीस कुणाच्या जागेवर? तुला तर सगळ्या पाठ असतील."

"रविवारी सुट्टी नसते."

"सोमवारी जा."

"सोमवारी सोलांज जाते," आन्सेल्म म्हणाला. "कुठे ते मला सांगत नाही."

बाहेर खडीवर टायर करकरले. नादेजनं दारातून डोकं आत घातलं. "बाबा, हात चालवा. चौदा आम्लेटं, सगळी अळंबीची."

आन्सेल्मनं छोटा ब्रश घेतला आणि आईच्या जागेची रेती झाडू लागला. नादेज राहिली होती, तेवढं खरं. बाप्तिस्तँला अळंबीचे पैसे मिळाले आणि आम्लेट फुकट मिळालं. गावातली बाकी मंडळी आपापली जागा सोडून दुसऱ्याच्या जागेवर जातात. टोपली पूर्वीएवढीच भरते, फक्त पायपीट वाढली आहे. सायकलवाल्यांनी जेवणाचे दिले आणि वर बक्षीस ठेवलं. राहिलेली सगळी किंमत आन्सेल्मकडून वळती झाली, दर रविवारी आठ ते तीन.